सोने, बेडूक आणि एक पट्टेदार साप

१/५
१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि सॅन फ्रान्सिस्को हे लहानसे गाव पाहता पाहता शहर झाले. तेथील खाणावळींत बेडकाच्या तंगड्यांना मोठी मागणी आली. बळी गेला तो स्थानिक तांबड्या पायांचा बेडूक.

२/५
याच बेडकावर जगणारा एक साप म्हणजे सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप, आपल्या नानेटीचा दूरचा नातलग. पाठीच्या मधोमध हिरवट पिवळा रुंद पट्टा, त्याला काळी किनार, शेजारी तांबडा पट्टा. डोके तांबूस, पोट निळसर हिरवे.

३/५
त्याला केवळ तळे पुरत नाही. शिकारीसाठी काठच्या दाट पाणवनस्पती हव्यात, तर थंडीत दडून राहण्यासाठी जवळच्या गवताळ उतारावरील उंदरांची बिळे. यांपैकी एक जरी गेले, तरी त्याचे घर मोडते.

४/५
स्थानिक बेडूक घटले, तेव्हा १८९६ पासून पूर्वेकडील धिप्पाड बुलफ्रॉग आणले गेले. ते स्थानिक बेडकांना खाऊ लागले आणि सापाच्या पिलांनाही. विसाव्या शतकात तळी बुजवून वसाहती उभ्या राहिल्या. देखण्या रंगांपायी संग्राहकांनीही हा साप पकडला.

५/५
१९६७ मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. आज त्याची एक मोठी वस्ती सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्याच मालकीच्या पाणथळ जमिनीवर आहे. पट्ट्यांवरून साप ओळखता येतो. तो टिकेल की नाही, हे मात्र तळे आणि बेडूक ठरवतात.