हलगलीची हत्यारे

मुधोळ म्हणजे घोरपड्यांचे संस्थान, हे आपणा मराठी मंडळींना ठाऊक असते. त्याच संस्थानातील हलगली गावाची हकीकत मात्र आपल्यात फारशी कोणी सांगत नाही.

1857 च्या उठावाने धास्तावलेल्या इंग्रज सरकारने त्याच वर्षी निःशस्त्रीकरणाचा कायदा केला. हत्यार ठेवायचे तर परवाना घ्या, नाहीतर जप्ती! हलगलीच्या बेरडांना हे कसे मानवावे? हत्यार गेले म्हणजे पोट गेले आणि पतही गेली. त्यांनी साफ नकार दिला. नोव्हेंबरअखेर फौजेने गावावर चालून जाऊन ते जाळले. डिसेंबरात मुधोळला आणि हलगलीत अनेकांना फाशी झाली. त्यांच्यावर कन्नडमध्ये लावण्या रचल्या गेल्या.

कोडगूच्या कोडवांना मात्र या कायद्यातून 1861 मध्ये सूट मिळाली, ती त्यांच्या राजनिष्ठेबद्दल. देणारे होते कमिशनर मार्क कबन, ज्यांच्या नावाच्या बागेत आपण रविवारी फिरायला जातो!

स्वतंत्र भारतानेही 1959 च्या कायद्यात परवाना कायम ठेवला. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. कोडवांची सूट 2029 पर्यंत वाढवलेली आहे. निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा करण्याची चिंता रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला आजही असते.

शस्त्रांवर बंधन हवेच, यात दुमत नाही. पण सरकारचा आपल्यावर विश्वास आहे असे वाटले, तरच माणूस हत्यार आपणहून खाली ठेवतो. हलगलीत तो विश्वासच नव्हता.