तहातला तिसरा पक्ष

निःशस्त्रीकरणाचा इतिहास म्हटला की हेग, जिनिव्हा, न्यूयॉर्क ही नावे डोळ्यांसमोर येतात. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटतो आणि रत्नागिरीच्या वाचकाला तर फारच दूरचा. हे दोन्ही समज तपासून पाहावेत असे आम्हांला वाटते. तिसऱ्या सत्तेचे शस्त्रबळ मोडण्यासाठी दोन सत्तांनी लेखी तह करावा, जहाजे, तोफा आणि किल्ले यांची वाटणी आधीच कलमवार ठरवावी, असा प्रसंग याच किनाऱ्यावर १७५५ साली घडलेला आहे.

वादाचे मूळ एका कागदात होते. कान्होजी आंग्रे आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतांना दस्तक देत. पोर्तुगीजांचे कार्ताझ हा त्याच जातीचा परवाना आणि इंग्रजही आपले परवाने देत. दस्तक नसलेले गलबत पकडणे हा आंग्र्यांच्या लेखी राज्याचा हक्क होता, इंग्रजांच्या लेखी ती चाचेगिरी होती. साताऱ्याच्या दरबारात जो ‘सरखेल’, तोच मुंबईच्या दप्तरात ‘चाचा’. कोणाचे शस्त्र कायदेशीर आणि कोणाचे बेकायदा, हे शब्द ठरवतात. म्हणूनच हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे.

कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे विजयदुर्गावरून कारभार पाहत. नानासाहेब पेशव्यांचे वर्चस्व त्यांना मान्य नव्हते. मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. पेशव्यांच्या बाजूने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांचा त्यात पुढाकार होता. सागरी मोहिमेचे नेतृत्व इंग्रजांकडे, पकडलेली जहाजे निम्मी-निम्मी, किल्ल्यांतील तोफा व ऐवज पेशव्यांचा आणि बाणकोटचा हिंमतगड इंग्रजांना, असा त्याचा सारांश. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग अल्पावधीत जिंकला आणि ठरल्याप्रमाणे तो मराठ्यांच्या स्वाधीन झाला. इथवर तह पाळला गेला.

कसोटी लागली ती विजयदुर्गावर. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह तिथे पोहोचले, तेव्हा तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करत होते. परस्पर तडजोड होईल या शंकेने इंग्रजांनी मारा सुरू केला. आंग्र्यांनी १७४९ साली पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ या कंपनीच्याच जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती पसरत जाऊन सारे आरमार जळाले. निम्म्या-निम्म्या वाटणीचे कलम त्या आगीतच निकाली निघाले. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्लाही लगेच सोडला नाही. पुण्यात ऑक्टोबर १७५६ मध्ये नवा तह झाला, तेव्हा कुठे विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. बाणकोट इंग्रजांकडेच राहिले. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

‘पेशव्यांनी स्वतःच्या हाताने मराठी आरमार बुडवले’ हे वाक्य आपण अनेकदा वाचतो. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. पुढे विजयदुर्गालाच पेशव्यांचे आरमार उभे राहिले आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. मग चूक कुठे झाली? आमच्या मते ती तहाच्या रचनेत होती. ज्याचे शस्त्र मोडायचे तो वाटाघाटीत नव्हता. जे मोडणार होते त्यांच्या स्वतःच्या शस्त्रांवर एकाही कलमाचे बंधन नव्हते. आणि कलम मोडले तर दाद मागावी असा तिसरा कोणी नव्हता. १८१८ साली इंग्रजांनी हा किनारा घेतला, तेव्हा समोर उभे राहायला तुळाजींचे आरमार उरले नव्हते.

१९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार वाचताना या त्रुटींची आठवण येते. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला तेवढेच अण्वस्त्रधारी, इतरांनी वाट सोडावी. सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटींचे वचन आहे, पण त्याला मुदत नाही. भारताने सही केली नाही. मात्र १७५५ च्या तहात नसलेली एक गोष्ट या व्यवस्थेत आहे, ती म्हणजे तपासणी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. भारताच्या १९७४ च्या चाचणीनंतर जन्मलेल्या अणुपुरवठादार गटाने सप्टेंबर २००८ मध्ये भारताला सवलत दिली, तीही नागरी अणुभट्ट्यांवरील अशा तपासणीच्या आधारावर. त्याच महिन्यात फ्रान्सशी करार झाला आणि त्यातून पुढे आलेल्या अणुवीज प्रकल्पाची जागा ठरली जैतापूर. राजापूर तालुक्यातला हा किनारा विजयदुर्गापासून फार दूर नाही.

दोन्ही काळांत इथल्या कोळ्याला, शेतकऱ्याला तहाच्या बैठकीत जागा नव्हती. निःशस्त्रीकरणाचा कोणताही मसुदा हाती आला की कलमांच्या आधी सह्या वाचाव्यात. कोण बसले होते, आणि कोणाविषयी बोलणे चालले होते, हे तिथेच कळते.