गोरेगावच्या काचा, 'कारी'ची उडी आणि 'पुढचा भाग'

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण आपल्या शेजारच्या स्टेशनची गोष्ट आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मालाडहून चर्चगेटकडे जाणारी स्लो पकडली की पहिलंच स्टेशन गोरेगाव. परवा लेडीज डब्यात शेजारी एक कॉलेजातली मुलगी मोबाइलवर कॉमिक वाचत होती. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे मलाही कळतं, पण नजर गेलीच. चित्रात दोन मुली एका छत्रीत हात धरून उभ्या, आणि खाली बटण: पुढचा भाग. तिने ते दाबलं. तेवढ्यात गोरेगाव आलं, गर्दी आत घुसली आणि माझं मन १९९८ मध्ये गेलं.

२ डिसेंबर १९९८. याच गोरेगावात सिनेमॅक्समध्ये दीपा मेहतांचा 'फायर' चालू होता. शबाना आझमी आणि नंदिता दास. एकाच घरातल्या दोन जावा, एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या. सेन्सॉरने एकही कट न देता प्रौढांसाठी पास केलेला सिनेमा. शिवसैनिक आले, त्यात महिला आघाडीच्या बायकाही होत्या. काचा फोडल्या, पोस्टर जाळली, लोकांना तिकिटाचे पैसे परत द्यायला लावले. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी या लोकांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तेच. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा पास झाला.

तेव्हाचा एक मुद्दा आठवतो का? 'हे आपल्याकडचं नाही.' त्याला उत्तर रस्त्यावरच मिळालं. दिल्लीत निदर्शनं झाली, त्यात फलक होता: भारतीय आणि लेस्बियन. आणि आपल्या मुंबईत 'स्त्री संगम' हा अशा बायकांचा गट १९९५ पासून काम करत होता. म्हणजे काचा फुटायच्या तीन वर्षं आधीपासून.

पण मराठी माणसाने तर 'आपल्याकडचं नाही' म्हणूच नये. १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं होतं. दिग्दर्शन विनय आपटे, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. सुमित्रा देव, सगळ्यांची मित्रा. कॉलेजच्या नाटकात पुरुषाचं काम करताना समोरच्या नमावर तिचा जीव जडतो. हे सगळं आपल्याला सांगतो तो बापू, तिचा मित्र. म्हणजे गोष्ट तिची, सांगणारा तो. आणि शेवट? मित्रा जीव देते.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. त्यातही महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आहे, पण संस्थेपुढचं एक 'प्रकरण' म्हणून.

तेंडुलकरांना नावं ठेवायची नाहीत मला. तेव्हा हे मांडायला छाती लागत होती. पण या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. मित्राच्या वाट्याला मरण. 'उंबरठा'तल्या दोघींच्या वाट्याला चौकशी. 'फायर'मधल्या दोघी जगतात, पण त्यांच्या प्रेमाला 'कारण' लागतं. एकीचा नवरा ब्रह्मचर्याच्या नादी लागलेला, दुसरीचा बाहेर प्रेयसी असलेला. नवरे धड असते तर हे झालंच नसतं, असं म्हणून बघणारा सुखाने घरी जाऊ शकतो.

मग २००८ आलं. अमृता पाटील यांचं 'कारी'. हार्परकॉलिन्सने काढलेली, चित्रांतून सांगितलेली इंग्रजी कादंबरी, बरीचशी काळी-पांढरी. लिहिणारी तीच, काढणारीही तीच. कारी जाहिरात कंपनीत काम करते, दोन मुलींबरोबर फ्लॅट शेअर करते, त्या मुलींचे बॉयफ्रेंड येऊन-जाऊन असतात. धुराने भरलेलं शहर, तुंबलेली गटारं, लोकल. एव्हरशाईन नगरात किंवा मिठचौकीला तिघी-चौघींत भाड्याने राहिलेल्या कुठल्याही मुलीला हे घर ओळखीचं वाटेल.

पुस्तक सुरू कसं होतं? कारी आणि तिची प्रेयसी रूथ, दोघी इमारतीवरून उडी मारतात. मित्राची गोष्ट जिथे संपली तिथे हिची सुरू होते. रूथ जाळीत पडून वाचते आणि शहर सोडून जाते. कारी गटारात पडते, तीही वाचते. मग पुस्तकभर काय? ऑफिस, कॅन्सरने मरणारी एक मैत्रीण, केस कापणं, एकटेपणा, शहर. कारीला बायका का आवडतात याचं कारण कुणी देत नाही आणि ती कुणाला स्पष्टीकरण देत बसत नाही. शेवटी ती पुन्हा एकदा कडेवर उभी राहते आणि मागे फिरते. उडी मारत नाही.

मला विचाराल तर गोरेगावच्या काचांना मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर हे आहे. मोर्चा नाही, घोषणा नाही. फक्त ती मागे फिरली.

आता चित्रांच्याच माध्यमात हे का जमलं? अमेरिकेत अ‍ॅलिसन बेक्डेल या बाईंनी १९८३ पासून २००८ पर्यंत लेस्बियन मैत्रिणींच्या घोळक्याची एक चित्रपट्टी चालवली. पंचवीस वर्षं. त्यातल्या बायका नोकऱ्या बदलतात, भांडतात, म्हाताऱ्या होतात. त्यात स्पॅरो नावाची एक आहे. ती पुढे एका पुरुषाबरोबर संसार करते, त्यांना मूल होतं, तरी ती स्वतःला 'बायसेक्शुअल लेस्बियन'च म्हणवते. दोन तासांच्या नाटकात अशा बाईला 'गोंधळलेली' ठरवून मोकळं होता येतं. पंचवीस वर्षं चालणाऱ्या पट्टीत तिला माणूस म्हणून वागवावंच लागतं.

गंमत इथेच आहे. क्रमशः गोष्टीत नायिकेला मारून चालत नाही, ती पुढच्या अंकात यायला हवी! आज फोनवर वाचली जाणारी वेबकॉमिक्स त्याच जातीची. त्यांना थिएटर लागत नाही, म्हणजे फोडायला काचाही नाहीत. आठवडाभर थांबायचं आणि पुढचा भाग वाचायचा. डब्यातली ती मुलगी तेच करत होती.

कायदाही मध्ये बदलला. १८६० च्या ३७७ कलमाचा फास सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सोडवला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला. म्हणजे प्रेम करा, पण कागदावर एकमेकींच्या कुणी नाही. कोर्टातली गोष्टही क्रमशःच आहे म्हणायची.

माझी खंत वेगळी आहे. आपण चित्रांवर वाढलेली माणसं. चांदोबा, इंद्रजालचा वेताळ, १९९१ पासून सकाळमधला चिंटू. दिवाळी अंक हातात आला की आधी व्यंगचित्रं बघणारे आपण. आणि ती मुलगी? फोनवर तिच्या आईचा कॉल आला, तेव्हा ती अस्सल मराठीत बोलली, 'अगं आई, गोरेगाव आलंय, ठेव.' फोन ठेवला आणि परत इंग्रजी कॉमिकमध्ये शिरली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट तिला तिच्या आईच्या भाषेत वाचायला मिळत नसेल, तर उद्या ती आईला सांगणार कुठल्या शब्दांत?

मराठीत मित्राची गोष्ट १९८१ लाच सांगून झाली आहे. चित्र काढणाऱ्या पोरींनो, आता पुढचा भाग काढा. त्यात तिला जगू द्या, आणि या वेळी गोष्ट तिची तिलाच सांगू द्या.