कुत्रा, मेंढी आणि छातीतली गाठ

1900 च्या आसपास ब्युनोस आयर्समध्ये एक मूक चित्रफीत तयार झाली. कॅमेऱ्यामागे युजेनिओ पी होता, कॅमेऱ्यासमोर तरुण सर्जन अलेहांद्रो पोसादास. रुग्णाच्या फुप्फुसातली हायडॅटिड गाठ तो काढत होता. शस्त्रक्रियेच्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रफितींत हिची गणना होते.

त्या काळी छाती उघडणे हा जिवाशी खेळच होता. हवा आत शिरली की फुप्फुस मिटून जाई आणि ते फुगते ठेवणारे यंत्र हाताशी नव्हते. पोसादासची युक्ती साधी, पण धाडसाची होती: फासळी कापायची, फुप्फुस चटकन चिमट्यात धरायचे आणि जखमेच्या कडेशी ओढून ठेवायचे. मग गाठ रिकामी करायची. 1902 मध्ये, पस्तिशीही न गाठता, तो पॅरिसमध्ये वारला.

रोगाचे मूळ मात्र अर्जेंटिनाच्या कुरणांत होते. मेंढी कापली की तिची आतडी-फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकायची, ही तिथली रीत. त्यातून काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर, पाण्यात आणि कुत्र्याशी खेळणाऱ्या पोरांच्या हातांवर येतात. ती पोटात गेली की माणसाच्या शरीरात हायडॅटिड गाठ धरते. मोठ्यांत ही गाठ बहुधा यकृतात होते. मुलांत फुप्फुसाचा वाटा बराच मोठा असतो आणि लवचिक फुप्फुसात ती झपाट्याने वाढते. कित्येकदा ती फुटेपर्यंत काहीच कळत नाही. फुटली की खोकल्यातून खारट पाणी आणि पांढऱ्या पडद्याचे तुकडे पडतात. कधी ॲलर्जीचा झटका जीवही घेतो.

पुढे श्वासनलिकेत नळी घालून भूल देता येऊ लागली आणि खेळच पालटला. लंडनच्या नॉर्मन बॅरेटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत सर्जन गाठीभोवतालचे आवरण बेताने चिरतो, भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतो आणि गाठ अख्खीच्या अख्खी बाहेर सरकते. उरलेली पोकळी टाक्यांनी मिटवतात. मुलांत फुप्फुसाचा भाग कापून टाकणे शक्यतो टाळतात, कारण ते पुन्हा छान फुलते.

पण जिथे हा रोग हटला, तिथे तो सुरीने नव्हे. 1863 मध्ये हाराल्ड क्राबे या डॅनिश पशुवैद्याने आइसलँडमध्ये कुत्री तपासली आणि लोकांसाठी पुस्तिका लिहिली. 1869 मध्ये कुत्र्यांबाबत कायदा झाला. विसाव्या शतकात तिथून हा रोग नाहीसा झाला. अर्जेंटिनात तो अजून आहे. रिओ नेग्रो प्रांतात 2009 पासून कोकरांना त्याविरुद्ध लस टोचली जाऊ लागली.