सुरांच्या रंगांतून शब्दांची पट्टी

एखादा शब्द मनाला किती सुखद, किती बलवान आणि किती चपळ वाटतो हे आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीचे कूळ सहसा विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञापर्यंत नेले जाते, कारण त्यांनी 1896 मध्ये भावनेला सुख–दुःख, उत्तेजना–शांती आणि ताण–शैथिल्य अशा तीन मिती दिल्या होत्या. अभिमानी मंडळी त्याहीमागे नाट्यशास्त्रकार भरताच्या आठ स्थायिभावांकडे बोट दाखवतात; परंतु ते वर्गीकरण आहे, मापन नव्हे.

वुंट यांचा दावाही तिसऱ्या मितीपाशी अडखळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांनी दोन सहकाऱ्यांसह 1957 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पट्टीत चांगला–वाईट, बलवान–दुर्बळ अशा विरुद्ध विशेषणांमध्ये सात घरे असत आणि उत्तर देणाऱ्याने शब्दापुरती एका घरात खूण करायची असे. त्यातून निघालेल्या बळाच्या मितीचा वुंट यांच्या ताणाशी मेळ बसत नाही. पट्टीचे खरे मूळ अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात आहे. संगीत ऐकताना काहींना रंग का दिसतात, याचा शोध तेथे मानसशास्त्रज्ञ कार्वोस्की आणि ऑडबर्ट घेत होते, आणि त्यांच्या 1942 च्या निबंधाचे ऑसगुड सहलेखक होते. सूर, रंग आणि विशेषणे विरुद्ध टोकांच्या समांतर जोड्यांत बसतात, या तेथील कल्पनेवरच पुढची पट्टी उभी राहिली. ऑडबर्ट यांनी मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांच्यासह 1936 मध्ये सुमारे 18,000 स्वभाववाचक इंग्रजी शब्द वेचले होते. विशेषणांची हौस ऑसगुड यांच्याकडे तिथूनच उतरली असावी.

पुढे चिनी अभ्यासकांनी अशा पट्ट्या आपल्याच भाषकांपुढे ठेवल्या: 2008 मध्ये 1,500 द्व्यक्षरी शब्दांचे, नंतर 11,310 शब्दांचे मापन झाले. मराठीच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने इंग्रजी भाषकांनी इंग्रजी शब्दांना दिलेले गुण यंत्रानुवादातून आले, म्हणजे शब्द मराठी आणि भावना परकी. पुण्याच्या एल३क्यूब गटाने 2021 मध्ये सुमारे 16,000 मराठी ट्वीट तपासले खरे, पण सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशा तीन कप्प्यांत. गाडी पुन्हा भरताच्या वर्गीकरणावर आली.

वऱ्हाडात तर पट्टीचीच परीक्षा होते. अकोला–अमरावतीकडे समवयस्कांतला ‘बे’ हा संबोधनाचा शब्द सलगीचा असतो, वडीलधाऱ्यापुढे तोच उर्मटपणा ठरतो आणि पुण्याच्या कानाला तो बहुधा सरसकट खटकतो. सात घरांपैकी एकच घर त्याला देता येत नाही. तेथे शब्दाच्या आधी, कोण कोणाला म्हणतो आहे, हे विचारावे लागेल.