शिळाछापापासून चलच्चित्रापर्यंत

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांची कथा सांगणारे बहुधा गिरगांवांतील एका चित्रगृहापासून आरंभ करतात. सन १९१०-११च्या सुमारास फाळक्यांनीं तेथें ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत असतां त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ हीं उभीं राहिलीं. आणि त्या क्षणीं हिंदी चित्रपटाचें बीज पडलें. ही कथा खोटी नाहीं. स्वतः फाळक्यांनींच ती पुढें ‘नवयुग’ मासिकांतील लेखांत सांगितली आहे. परंतु ती ऐकतांना असा समज होतो कीं, कला ही साक्षात्कारानें एका रात्रींत जन्मास येते. आमचें म्हणणें असें कीं, त्या दिवशीं जो डोळा पडद्याकडे पाहत होता त्याची घडण पंचवीस वर्षें आधींपासून चालली होती. आणि ती रंगभूमीवर नव्हे, तर चित्रशाळेंत, प्रकाशचित्रांच्या अंधारखोलींत आणि छापखान्यांत झाली होती. हें ध्यानांत घेतलें नाहीं, तर फाळके आपणांस अर्धेच समजले असें होईल.

चित्र छापण्याची कला आपल्याकडे कशी आली, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथें आलोइस सेनेफेल्डर यानें शिळाछापाची युक्ति शोधून काढली. तिचें मर्म अगदीं साधें आहे. तेल आणि पाणी यांचें जमत नाहीं, एवढेंच तें मर्म. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावें, दगड ओला करावा आणि त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवावा. ओल्या भागावर शाई बसत नाहीं, रेघांवर तेवढी बसते. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं याच पद्धतीनें १८३१ सालीं पंचांग छापलें. शाईंत जनावराची चरबी असल्याचा धार्मिक लोकांस विटाळ वाटे, म्हणून त्यांनीं तुपाची शाई केली असें सांगतात. नवें यंत्र आपल्या घरांत यावयाचें तर त्यास आधीं आपल्या देवघराचा उंबरठा ओलांडावा लागतो, हें त्या एका गोष्टीवरून कळून येतें.

पुढें १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास ‘चित्रशाळा’ काढली. न्यू इंग्लिश स्कूल निघालें १८८०त, आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं १८८१त. म्हणजे निबंधमालाकारांनीं लोकशिक्षणाच्या ज्या संस्था उभारल्या, त्यांत चित्रांचा छापखाना शाळेच्या आणि वर्तमानपत्राच्याही आधीं आला! ज्या समाजांत अक्षरओळख थोड्यांसच आहे तेथें चित्र हेंच पहिलें पुस्तक होय, ही जाणीव त्यामागें असावी. देवादिकांचीं आणि मराठेशाहींतील पुरुषांचीं रंगीत चित्रें तेथून घरोघर गेलीं, आणि ज्यांनीं बखर कधीं उघडली नाहीं त्यांनाही नाना फडणिसांचा चेहरा ओळखीचा झाला.

याच वाटेवरचा दुसरा मोठा टप्पा म्हणजे राजा रविवर्मा यांचा छापखाना. तो १८९४ सालीं मुंबईंत निघाला. ‘शकुंतलाजन्म’ हें त्याचें पहिलें चित्र. प्लेगच्या भीतीनें १८९९त तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यांत आला आणि नव्या शतकाच्या आरंभीं फ्रिट्झ श्लायखर या जर्मन कारागिराकडे गेला. एकाच चित्रासाठीं रंगागणिक वेगळा दगड लागे. प्रत्येक दगडावरचा ठसा मागील ठशावर केसभरही न चळतां बसावा लागे. चळला कीं लक्ष्मीचे ओठ गालावर जात. जें तैलचित्र पूर्वीं संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतच पाहावयास मिळे, त्याची छापील प्रत या खटाटोपामुळें सामान्य कारकुनाच्या खोलींत आली.

या चित्रांवर टीका झाली नाहीं असें नाहीं. आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांस रविवर्म्याच्या देवता नाटकी वाटल्या. त्यांत भारतीय शिल्पाचें गांभीर्य नाहीं, पाश्चात्त्य रंगरीतीचें अनुकरण आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. वेरूळचा कैलास किंवा अजिंठ्याचा बोधिसत्त्व पाहिलेल्या डोळ्यास त्या लक्ष्मी-सरस्वती फारच ऐहिक दिसतात, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ज्या दोषाबद्दल त्यांस नांवें ठेविलीं, त्यांतच पुढील कलेचें बीज होतें. त्या देवता खऱ्या जमिनीवर उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर एका बाजूनें उजेड पडे. वस्त्रास वजन असे. आणि एखाद्या कथेंतील नेमका एक क्षण पकडून ठेवल्यासारखें तें चित्र असे. असें चित्र पाहतांना ‘पुढें काय?’ हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तें चित्र जणू हलावयाचेंच बाकी होतें.

तें हलवून दाखविण्याचे प्रयत्नही चालू होतेच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९०च्या दशकांत ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. एकीवर एक कांचा सरकवून ते पडद्यावरील आकृतींत हालचाल दाखवीत आणि सोबत कथा सांगत. १८९६ सालच्या जुलैंत मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, तेव्हां आपला प्रेक्षक पडद्यावरच्या उजेडास अगदींच अनोळखी नव्हता.

आतां फाळक्यांकडे वळूं. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेला हा मुलगा १८८५त मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, आणि पुढें बडोद्यास जाऊन त्यानें चित्रकला व प्रकाशचित्रण यांचा अभ्यास केला. गोध्र्यास प्रकाशचित्रकाराचा धंदा मांडला, तेथें प्लेगनें पत्नी आणि मूल हिरावून नेलें. मग जादूचे प्रयोग झाले. आडनांवाचीं अक्षरें उलटीपालटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हें नांव घेतलें. पुराणवस्तु खात्यांत नकाशे-चित्रें काढण्याची नोकरी झाली. ती सोडून लोणावळ्यास त्यांनीं ठसे करण्याचा व छपाईचा धंदा काढला. तेथें रविवर्मा छापखान्यासाठीं प्रकाशचित्राच्या साह्यानें दगडावर चित्र उतरविण्याचें काम ते करीत. पुढें दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ निघालें आणि तिरंगी छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९त त्यांनीं जर्मनी गांठली. थोड्याच काळांत भागीदारांशीं मतभेद झाले, आणि चाळिशीच्या घरांतला हा मनुष्य भरभराटीचा धंदा सोडून रिकाम्या हातांनीं बाहेर पडला.

या साऱ्या खटपटींत वरवर पाहतां अस्थिरपणाच दिसेल. पण नीट पाहिलें तर एकच धागा दिसतो. प्रकाशचित्रानें त्यांस रसायन आणि उजेड शिकविला. जादूनें डोळ्यास फसविण्याचें शास्त्र शिकविलें. तिरंगी छपाईनें चित्राचे तुकडे पाडून तें पुन्हां अचूक जुळविण्याची शिस्त लाविली. ज्यास पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे एकावर एक बसवितां येतात, त्यास चित्रांमागून चित्र एकाच जागीं आणण्याचें चित्रपटाचें रहस्य परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

म्हणूनच त्यांचा पहिला प्रयोग कोणत्याही नटाचा नव्हता. तो वाटाण्याच्या एका दाण्याचा होता! विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२च्या फेब्रुवारींत लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यांत तंत्र पाहून आले आणि विल्यमसनचा कॅमेरा मागविला. परंतु भांडवल कोण देणार? तेव्हां कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसांमागून दिवस घेऊन, त्यांनीं ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा पट तयार केला. ज्या वाढीस निसर्गांत दिवसचे दिवस लागतात ती घटकेंत डोळ्यांसमोर घडतांना पाहून सावकाराची थैली सुटली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या प्रसंगांतील साधेपणा मनास हलवितो. न चालणारी वस्तु चालविणें हीच या कलेची मूळ किमया. ती त्यांनीं एका दाण्यांत दाखविली.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्याची लांबी सुमारें ३७०० फूट होती. चित्रफितीच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. म्हणजे हीं जवळजवळ ५९ हजार चित्रें झालीं. त्या फितीच्या कडांना भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई रात्रीं घरांतच करीत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच हातीं असे. त्यांचे दागिनेही या यज्ञांत पडले. त्या पटाच्या आरंभीं हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास यांची जी मांडणी दिसते, तींत रविवर्म्याच्या चित्राची छाया अभ्यासकांनीं दाखविली आहे. दगडावर उभा असलेला हरिश्चंद्र जणू दगडावरून उतरून चालूं लागला!

एवढ्यावर ते थांबले नाहींत. १९१५च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला. त्यांत आगकाड्या आपोआप हलून आकार धारण करीत. फ्रान्सांत एमिल कोल यानें १९०८त असाच काड्यांचा खेळ केला होता. एकेक काडी तसूभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची. हा कारभार नटाचा नव्हे, ठसे जुळविणाऱ्या कारागिराचाच. आज ज्या कलेवर मोठमोठे कारखाने चालतात, तिचा आपल्याकडील आरंभ नाशिकच्या या घरगुती कारखान्यांत, पैशाला मूठभर मिळणाऱ्या वस्तूवर झाला.

आणि आज यांपैकीं हातीं काय उरलें आहे? ‘आगकाड्यांची मौज’ नाहीं. ‘हरिश्चंद्रा’चीं पहिलीं व शेवटचीं रिळेंच उरलीं आहेत, तींही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचीं असावीं, असें कांहीं इतिहासकारांस वाटतें. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा वांचला. त्याच्या आरंभीं फाळक्यांची कन्या मंदाकिनी एकापुढें एक मुद्राभिनय करून दाखविते. मळवलीचा छापखाना १९७२ सालच्या आगींत भस्मसात झाला. फाळके स्वतः १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकला वारले. बोलपटाच्या गर्दींत त्यांचें नांव तेव्हां मागें पडलें होतें. पुढें १९६९पासून त्यांच्या नांवें पारितोषिक सुरू झालें. नांव राहिलें, काम गेलें.

याचें कारण केवळ दुर्दैव नव्हे. चित्र विकत घेऊन भिंतीवर लावावें, फाटलें कीं टाकून द्यावें. पट पाहावा, जुना झाला कीं फीत मोडींत काढावी: छापील आणि चालत्या चित्राकडे पाहण्याची आपली दृष्टि अशीच राहिली. पोथीस आपण रेशमी वस्त्रांत गुंडाळतों, कारण ती एकटी असते. जें हजारों प्रतींनीं घरोघर गेलें, त्याची एकही प्रत जपून ठेवावी असें कोणास वाटलें नाहीं. विपुलता हीच त्याच्या नाशास कारण झाली.

आपल्या घरांतील माळ्यावर किंवा आजीच्या पेटींत एखादें कडा झिजलेलें रंगीत लक्ष्मीचित्र अजून असेल. तें काढून उजेडांत धरावें आणि जवळून पाहावें. एकावर एक बसलेले रंग, कोठें थोडा चळलेला ठसा, वार्निशाचा पिवळट थर हीं डोळ्यांस दिसतील. त्या चळलेल्या ठशाजवळ कोणा अनामिक कारागिराचा हात आहे. आणि त्याच हातांच्या शाळेंत शिकून एका माणसानें पुढें वाटाण्याचा अंकुर पडद्यावर वाढवून दाखविला. तें चित्र रद्दींत देण्यापूर्वीं एवढें आठवावें.