किरकोळीचे सात हजार होन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली, त्याच्यावर बांधलेलं घर दुरुस्त करायची पाळी आली नसावी. नवं घर बांधताना निदान मोकळी जमीन डोळ्यांपुढे असते. दुरुस्तीत लादीखाली काय दडलंय हे लादी उखडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. आणि खर्चाचा आकडा तर आधी हवा असतो.

मी मीरा रोडला राहतो. खाडी आणि मिठागरांच्या शेजारात उभं राहिलेलं हे शहर. १९८५ मध्ये इथं नगरपालिका आली, २००२ मध्ये महानगरपालिका. मुंबईत जागा परवडेना म्हणून कुणी इकडे आलं, कुणी १९९२-९३ च्या दंगलीनंतर रात्रीची झोप नीट लागावी म्हणून आलं. घाईघाईनं इमारती उठल्या. खारी हवा सळईला गंज चढवते, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. आमची चार मजली इमारत त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि संकोचत म्हणाल्या, "भाई, तुमच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या देवघरावर टपकतंय."

आता असं पाणी थांबवायला उशीर करणं मला शक्य नव्हतं. तीन मिस्त्री बोलावले. पहिल्यानं दारातूनच न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या ओट्याकडे नजर टाकली आणि म्हणाला, "सव्वा लाखात करून देतो, तुम्ही घरचेच." दुसऱ्यानं टेप लावून मापं घेतली आणि एका कागदावर एक लाख नव्वद हजार लिहून दिले. तिसऱ्यानं कॉम्प्युटरवर छापलेली तेवीस कलमं पाठवली, बेरीज दोन लाख साठ हजार, वर जीएसटी वेगळा. आम्ही पहिल्याला काम दिलं. तुम्हीही बहुधा तेच केलं असतं.

तीन आकड्यांत एवढी तफावत कशी, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढे, आणि थोडं जुन्या इतिहासामुळे. १६७१-७२ च्या सुमाराचा शिवाजी महाराजांच्या काळातला एक कागद प्रसिद्ध आहे. गडकोटांच्या बांधकामासाठी किती पैसा लावायचा, याची ती यादी. एकूण रक्कम १ लाख ७५ हजार होन. त्यात एकट्या रायगडाला ५० हजार. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर, राजगड यांना प्रत्येकी १० हजार. विशाळगड, लोहगड, सुधागड अशा आठ जागांना पाच-पाच हजार. कोरीगडाला ३ हजार, आणि मग दोन आणि एक हजाराचे धाकटे गड. सगळं मांडून झाल्यावर शेवटी ७ हजार होन किरकोळीचे.

मला हे शेवटचे सात हजार फार आवडतात. एकूण रकमेच्या शेकडा चार होतात. पन्नास हजारांची राजधानी उभारणाऱ्यांनाही ठाऊक होतं की काही खर्च असे असतात ज्यांना आज नाव देता येत नाही. नाव देता येत नाही म्हणून ते यादीतून गाळायचे नसतात. आजच्या सरकारी अंदाजपत्रकातही आकस्मिक खर्चाचं कलम असतं. आमच्या सव्वा लाखात ते नव्हतं, कारण तिथं कलमंच नव्हती.

शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. खर्च सांगतात तो १६ हजार ११० रुपये. वरचे ११० सुद्धा सोडलेले नाहीत. 'सोळा-एक हजार झाले असतील' असं म्हणून कारकुनानं दौत बंद केली नाही.

जाता जाता दोन शब्दांविषयी बोलतो, कवी असल्यामुळे ती खोड आहे. मिस्त्रीबरोबर येणाऱ्या मदतनिसाला आपण बिगारी म्हणतो. फारसी 'बेगार' म्हणजे मजुरी न देता सक्तीनं करवून घेतलेलं काम. वेठ गेली, मजुरी आली, पण माणसाच्या अंगावर नाव राहिलं तेच जुनं, फुकट राबणाऱ्याचं. दुसरा शब्द मक्ता. गझलेच्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात, आणि ठरावीक रकमेत उक्तं काम घेण्यालाही मक्ता. दोन्हींचं मूळ अरबी, आणि त्या धातूचा अर्थ 'कापणं'. गझलेत कवी शेवटी आपलं नाव घालून विषय तोडतो. कंत्राटात रक्कम तोडतात. आमच्या मक्तेदारानं मात्र मधूनच संबंध तोडले, तो भाग पुढे येईल.

आपल्याकडे कंत्राटी बांधकामाची आजची रीत बसली ती कंपनी सरकार आणि रेल्वेच्या काळात. १८५४ मध्ये पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसं तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं ते मूळ. मापं घ्या, दर लावा, अंदाज बांधा, निविदा मागवा, झालेलं काम मोजमाप वहीत चढवा, मग पैसे द्या. कागदावर ही रीत चोख आहे. प्रत्यक्षात तिचं काय होतं ते बोर घाटात दिसलं.

खंडाळ्याच्या त्या चढणीचं काम १८५६ मध्ये विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदारानं सुरू केलं. त्याच्या हाताखाली उपकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि सर्वांत खाली डोंगर फोडणारे बिगारी. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा झिरपायचा. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत फेव्हिएलनं काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट आपल्या नावावर घेऊन इंजिनिअरांच्या मदतीनं ते पुरं केलं. ऐन भरात घाटावर ४० हजारांहून अधिक माणसं राबत होती. १८६३ मध्ये गाडी घाट चढली. मधल्या काळात, १८६० साली, सरकारनं कायदा केला: मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट सोडवावेत. त्याच कायद्यात काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद होती. अर्धवट सोडून जाणाऱ्या कंत्राटदाराचं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

अंदाज चुकण्याचा मुंबईतला मोठा नमुना म्हणजे बॅक बेची भरणी. पहिल्या महायुद्धानंतर समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढायचं ठरलं. सुमारे पावणेचार कोटींचा अंदाज काही वर्षांत सात कोटींवर गेला. बंदराच्या तळाशी चिखल किती निघेल याचा हिशोब चुकला होता, आणि टाकलेला चिखल भिंतीच्या दगडांतून परत समुद्रात जात होता. थोडक्यात, लादीखाली काय आहे हे न बघताच आकडा सांगितला होता. खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण धसास लावलं. हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते १९२८ मध्ये सुटले. आज नरिमन पॉइंटला त्यांचं नाव आहे, समुद्र भरूनच काढलेल्या जागेला.

आमच्या घरी याचीच छोटी आवृत्ती झाली. सत्तर हजार आगाऊ घेऊन लादी फुटली. खालचा पाइप कुजलेला निघाला. मिस्त्री म्हणाला, "हे धरलं नव्हतं, साठ हजार वाढतील." मी विचारलं, मग धरलं काय होतं? वॉटरप्रूफिंग धरलं नव्हतं, मलबा चार मजले उतरवून टेम्पोनं न्यायचं धरलं नव्हतं, नळाच्या तोट्या आमच्या की त्याच्या हेही नाही. शब्दाला शब्द लागला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

आठव्या दिवशी दारात त्याचा बिगारी उभा. जालन्याकडचा पोरगा, वीस-बावीसचा. सहा दिवसांची मजुरी बुडाली होती, सातशेप्रमाणे ४२०० रुपये. माझ्या मनात आलं, माझा याच्याशी काय संबंध? मी तर आगाऊ देऊन बसलोय. आतून बायको म्हणाली, "घण त्यानं आपल्याच घरात चालवला ना?" पैसे दिले. ते मोजून खिशात ठेवताना तो म्हणाला, "चाचा, पाइप जुना आहे, पण पाणी तिथून जात नाही. नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून जातंय. मी मिस्त्रीला सांगितलं होतं." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग दुसऱ्या, मापं घेणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. या वेळी यादी आम्ही केली. कुठली लादी, किती चौरस फूट, दर साहित्यासकट की नुसत्या मजुरीचा, मलबा कोण उचलणार, एकही भिंत पाडायची नाही. हे शेवटचं सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहायला लावलं. घाटकोपरला २०१७ च्या जुलैत तळमजल्यावर नूतनीकरण चालू असताना अख्खी इमारत कोसळून १७ माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. हीच यादी आणखी दोघांना दिली. आता आकडे एकमेकांच्या जवळ आले, पंधरा-वीस हजारांचा फरक. पैसे चार हप्त्यांत ठरले. शेवटचा हप्ता न्हाणीघरात दोन दिवस पाणी तुंबवून ठेवून, खाली जाऊन छत पाहिल्यावर. बिगाऱ्यांची मजुरी दर शनिवारी आमच्यासमोर द्यायची, हेही लिहिलं. मिस्त्री जरा नाराज झाला, पण सही केली.

यादीच्या तळाशी बायकोनं स्वतःच्या हातानं 'किरकोळ' असं लिहून पुढे पंधरा हजार घातले. त्यातले साडेअकरा लागले. उरलेल्या साडेतीन हजारांत काकूंच्या देवघराच्या छताला रंग दिला. तो द्यायला जालन्याचा पोरगाच आला होता.